उतू जाऊ द्या

शेजारच्या आजोबांनी मला त्यांच्या दिवाणखान्यातून उठवलं ती तारीख 16 ऑक्टोबर 2004. बॉस्टनजवळच्या त्या गावात येऊन आम्हाला जेमतेम तीन महिने झाले होते. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आजोबांनी आग्रहाने बोलावलं म्हणून गेलो, दाखवलेल्या खुर्चीत बसलो, आणि न्यूयॉर्कच्या यांकीजनी बॉस्टनच्या रेड सॉक्सना धुवायला सुरुवात केली. थोडा वेळ आजोबा माझ्याकडे तिरपं तिरपं बघत राहिले. मग म्हणाले, "राग मानू नकोस, पण जरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघतोस का?"

राग कसला? डोंबिवलीत सचिन नव्वदीत पोचला की आमची काकू हातातलं लाटणंसुद्धा खाली ठेवत नसे. मी निमूट उठलो. सामना सॉक्सनी 19-8 असा गमावला, म्हणजे दाराचाही काही गुण आला नाही. आजोबांचं म्हणणं, मी उशिरा उठलो.

दुसऱ्या दिवशी आपणहून दारात उभा राहिलो. सॉक्स जिंकले. झालं! त्यानंतर मला खुर्ची मिळालीच नाही. पाचवा सामना नेहमीच्या नऊऐवजी चौदा इनिंग चालला, जवळजवळ सहा तास. तो सगळा माझ्या पोटऱ्यांच्या लक्षात आहे. 0-3 असं मागे पडून मालिका जिंकणं बेसबॉलमध्ये तोवर कुणालाच जमलं नव्हतं. सॉक्सनी सलग चार सामने जिंकून ते केलं आणि मी अख्ख्या गल्लीचा शुभशकुन झालो.

गावाची ही अवस्था का, ते आजोबांनीच समजावलं. रेड सॉक्सचं शेवटचं जेतेपद 1918 चं. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस मालकाने बेब रूथ या हुकमी खेळाडूला यांकीजना विकलं. तेव्हापासून शाप. 1986 मध्ये जेतेपद एका स्ट्राइकवर, म्हणजे बॅटरने चुकवायच्या अवघ्या एका चेंडूवर, आलं होतं, तेही निसटलं. रूथने म्हणे एकदा सडबरीच्या तळ्यात पियानो ढकलला होता. तो वर काढून वाजवला की शाप सुटेल, या आशेने 2002 मध्ये पाणबुड्यांनी ते तळं धुंडाळलं. हे ऐकून मला हसू आलं नाही. आमच्याकडे एका मामांनी घराचं दार पूर्वेचं उत्तरेला केलं होतं, तेव्हा पियानो बराच.

खेळाडू तर प्रेक्षकांच्याही पुढचे. सॉक्सचा वेड बॉग्ज प्रत्येक सामन्याआधी चिकन खायचा. सराव 5 वाजून 17 मिनिटांनी, धावणं 7 वाजून 17 मिनिटांनी. फलंदाजीला उभा राहण्याआधी बॅटने मातीत हिब्रूतला 'जीवन' या अर्थाचा शब्द लिहायचा, ज्यू नसूनही. टर्क वेंडेल नावाचा पिचर (चेंडू फेकणारा) दोन इनिंगच्या मध्ये दात घासायचा. (ही श्रद्धा आमच्या घरातल्या मुलांना लागावी, असं मला फार वाटतं.) मैदानावरच्या पांढऱ्या रेषेवर पाय पडू नये म्हणून भलेथोरले बाप्ये उडी मारून जातात, उंबऱ्यावर उभं राहायचं नाही, तसंच.

मला सगळ्यात जवळचा वाटला तो नो-हिटरचा नियम. एखादा पिचर समोरच्या संघाला सामनाभर एकही हिट मारू देत नसेल, तर त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. त्याच्या शेजारी बसायचं नाही. 'नो-हिटर' हा शब्द तर तोंडातून काढायचाच नाही. 1956 च्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे जेतेपद ठरवणाऱ्या अंतिम मालिकेत, यांकीजचा डॉन लार्सन एकालाही बेसवर पोचू देत नव्हता, तेव्हा त्यानेच संघातल्या मिकी मॅन्टलपाशी विषय काढला. मॅन्टल न बोलता तिथून निघून गेला. हे वाचलं आणि आई आठवली. "काय गुटगुटीत बाळ आहे!" असं कुणी म्हटलं की तिचा हात आपोआप मीठ-मोहऱ्यांच्या डब्याकडे जाई. दृष्ट म्हणजे तरी दुसरं काय? चांगलं चाललेलं तोंडाने उच्चारायचं नाही.

जॉर्ज ग्मेल्श नावाचा एक मानववंशशास्त्रज्ञ आधी स्वतः धाकट्या लीगमध्ये खेळलेला. त्याच्या लक्षात आलं, की टोटके करतात ते पिचर आणि बॅटर. क्षेत्ररक्षक सहसा नाही. क्षेत्ररक्षकाचे शंभरातले सत्त्याण्णव चेंडू नीट जातात. नामांकित बॅटर दहातून सात वेळा बाद होतो. जिथे कौशल्य पुरतं तिथे ताईत लागत नाही. टीव्हीपुढे बसलेल्यांच्या हातात तर काहीच नसतं. मग आम्ही खुर्च्या सांभाळतो.

यांकीजना हरवून सॉक्स वर्ल्ड सीरिजला पोचले आणि पहिले तिन्ही सामने जिंकले. चौथा सामना 27 ऑक्टोबरला, सेंट लुईसमध्ये; हा जिंकला की जेतेपद. त्या रात्री कोजागिरी होती. बायकोने केशर-बदाम घातलेलं दुधाचं पातेलं माझ्या हाती दिलं, "तिकडेच उभे असता, तिकडेच आटवा." आईचा डोंबिवलीहून फोन: आज तुमच्याकडे खग्रास चंद्रग्रहण आहे, दूध पिऊ नका. म्हणजे कोजागिरीलाच ग्रहण, त्यात 86 वर्षांचा शाप. आजोबांना मी यातलं काही सांगितलं नाही. नो-हिटरचा नियम.

नववी इनिंग. सॉक्स 3-0 ने पुढे. सेंट लुईसवर चंद्र तांबूस झालेला. माझ्या पाठीमागे दूध सुरसुरायला लागलं. मी वळणार तोच आजोबा ओरडले, "हलू नकोस!" बॅटला एडगर रेंटेरिया, पाठीवर 3 नंबर. तोच बेब रूथचा नंबर. दूध कडेला आलं. रेंटेरियाने मारलेला चेंडू टप्पा घेऊन थेट पिचरच्या हातात. दूध उतू गेलं, शेगडीवर, जमिनीवर, माझ्या मोज्यांवर. पिचरने फेकलेला चेंडू पहिल्या बेसवर पोचला, रेंटेरिया बाद, आणि आजोबा लहान मुलासारखे रडले. 'को जागर्ति?' विचारत लक्ष्मी त्या रात्री बॉस्टनवरून गेली असेल, तर तिला कुणाकुणाच्या घरी जाऊ असं झालं असेल.

मधली दोन वर्षं सॉक्स कोजागिरीपर्यंत टिकलेच नाहीत. 2007 मध्ये पुन्हा वर्ल्ड सीरिजला आले. दुसरा सामना 25 ऑक्टोबरला. आजोबा सकाळीच दारात. "तुमची ती दुधाची पौर्णिमा आजच ना?"

आजच होती. मी विसरलो होतो, ते नव्हते.

संध्याकाळी त्यांच्या शेगडीवर तेच पातेलं ठेवलं. ढवळायला मी चमचा उचलला, तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि बोटाने दार दाखवलं. सामना 2-1 ने जिंकला. शेगडी मीच पुसली.