तुळशीचं पान घातलेली पेज

परवा दुपारी पोट बिघडलं म्हणून उकड्या तांदळाची पेज लावली आणि ती उतू जाऊन शेगडीभर झाली. मी ओटा पुसत असताना मुलगी म्हणाली, "हे आजारी माणसांचं खाणं ना?" आजारी माणसांचं! आमच्या सावंतवाडीकडे सकाळी दहाच्या सुमाराला चांगली धडधाकट माणसं शेतातून येऊन पेजेला बसायची. सोबत ओल्या खोबऱ्याची कातळी, नाहीतर खारातल्या आंब्याची फोड, नाहीतर विस्तवावर भाजलेला सुका बांगडा. फणसाचं पान दुमडून त्याला हिराची काडी टोचली की चमचा तयार. स्टीलच्या चमच्याने पेज खाणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही, पण तो विषय वेगळा.

आजारपणातली पेज मात्र मला एकच आठवते. मी सात-आठ वर्षांचा असेन. मुदतीचा ताप होता, आई बाळंतपणाला माहेरी गेलेली, आणि आजीच्या हातचं काहीच पोटात ठरेना. शेजारची किरिस्तावांची मावशी तांब्याच्या टोपात पेज घेऊन अंगणात उभी राहिली. आता आजीचं सोवळं म्हणजे गावात प्रसिद्ध. ती टोपाकडे बघत राहिली, माझ्याकडे बघत राहिली. मग आतून आमचं पातेलं आणलं, मावशीला वरूनच ओतायला लावलं, वृंदावनातलं तुळशीचं एक पान खुडून त्यात टाकलं आणि पातेलं माझ्यापुढे ठेवलं. तुळस पडली, पेज आमची झाली. ती पोटात ठरली.

दुसऱ्या दिवशी मावशी आली तेव्हा टोपात पान आधीच तरंगत होतं. तिच्या अंगणात तुळस नव्हती, पांढरा खुरीस, म्हणजे क्रूस, होता. म्हणजे तिने येता येता आमच्याच वृंदावनातलं पान खुडलं असणार. आजी काही बोलली नाही. मावशीही बोलली नाही. दोघींनी तो विषय आयुष्यभर काढला नाही, आणि मी बरा होईपर्यंत टोप येत राहिला.

मावशीचं माहेर गोव्यातलं, सांकवाळचं. तिच्या भिंतीवर एका काळ्या झग्यातल्या पाद्रीची तसबीर होती, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे ह्यालाही पेजेनेच वाचवलं होतं. तो जुझे वाझ. १६५१ मध्ये बाणावलीला आईच्या गावी जन्मला, वडील सांकवाळचे. म्हणून मावशीला तो थेट घरचाच वाटायचा. वलंदेजांनी, म्हणजे प्रोटेस्टंट डचांनी, सिलोनचा (आजच्या श्रीलंकेचा) किनारा पोर्तुगीजांकडून घेतला आणि कॅथलिक पाद्रींना तिथे बंदी केली. तिथल्या भाविकांना मिस्सा, म्हणजे पाद्रीने चालवायची प्रार्थना, नाही, पाद्री नाही. हे ऐकून वाझ १६८६ मध्ये निघाला, जुवांव नावाचा एक पोरगा बरोबर घेऊन, आणि पुढच्या वर्षी भिकाऱ्याच्या वेषात तिकडे उतरला. गळ्यात जपमाळ बाहेर दिसेल अशी घालून दारोदार फिरायचा. माळ बघून कुणाच्या डोळ्यांत काही हललं, तर हा आपला.

पण त्याआधी त्याला हगवण लागली. जाफन्याला तो मरायला टेकला होता आणि एक बाई रोज त्याला पेज आणून द्यायची. मावशी ही गोष्ट सांगायची तेव्हा तिच्या लेखी जणू सगळं मिशन त्या पेजेवरच उभं होतं. मिशनरी म्हणजे परमुलखात देव घेऊन जाणारा, असं आपण धरून चालतो. वाझच्या बाबतीत मला वाटतं, देव तिथे आधीच पोचून चुलीपाशी बसला होता.

पुढचं तर आणखी मजेशीर आहे. त्याच्या मागे लागले ते वलंदेज, म्हणजे त्याच ख्रिस्ताला मानणारे. तो रात्री घराघरांतून मिस्सा करायचा आणि लोक स्वतःची कातडी पणाला लावून त्याला लपवायचे. आणि आसरा मिळाला तो कँडीच्या बौद्ध राजाकडे. तोही सुरळीत नव्हे. १६९२ मध्ये पोर्तुगीजांचा हेर समजून आधी तुरुंगात टाकलं. पण त्याच राजाने, दुसऱ्या विमलधर्मसूर्याने, पुढे त्याला मोकळेपणाने काम करू दिलं. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. माणसं आपल्याच माणसांना टाकून पळाली, आणि वाझ आपल्या पाद्री भाच्याला घेऊन त्या टाकलेल्यांना भरवत, धूत, पुरत राहिला. ही हगवणीतल्या पेजेची परतफेड, असं मावशीचं गणित. तिचं गणित मला नेहमीच थोडं सोपं वाटत आलंय, पण चूक कुठे आहे ते सापडत नाही.

वाझ गोव्याला परत आलाच नाही. १७११ च्या जानेवारीत कँडीतच वारला. २०१५ मध्ये पोपनी कोलंबोला त्याला संत जाहीर केलं, ते बघायला मावशी नव्हती. असती तर म्हणाली असती, त्या बाईचं काय?

देवीच्या साथीवरून आठवलं. २०२० मध्ये आमच्या मजल्यावरचे एक म्हातारे काका करोना होऊन घरातच एकटे अडकले होते. आम्ही त्यांना डबा द्यायचो. म्हणजे कसा, तर लिफ्टजवळच्या स्टुलावर ठेवायचा, कोपराने बेल दाबायची आणि दार उघडायच्या आत पळायचं. डब्यात बहुतेक पेजच असायची. त्यात देव वगैरे होता का, कोण जाणे. पळताना मागे वळून बघायची माझी तर छाती झाली नाही.