एंड टास्क केलं की फाइल पूर्ण होते

गोव्यातल्या फोंड्याजवळच्या एका संस्थेकडे जुन्या कॅसेटींचा मोठा साठा आहे, देवळांच्या जत्रेत गावच्या लोकांनी केलेली मराठी नाटकं, सप्त्यातली भजनं, काही कीर्तनं. आणि आपल्याकडची पावसाळी हवा अशी की टेपला बुरशी धरायला वेळ लागत नाही, म्हणून त्यांनी सगळं कॉम्प्युटरवर उतरवायला घेतलेलं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 45 मिनिटं, वेव्ह फाइलमध्ये ती साधारण 475 एमबी होते, मग एक छोटं विंडोज अ‍ॅप त्यातली खरखर कमी करून एमपीथ्री बनवायचं. अ‍ॅप आधी कुणीतरी सी शार्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत करून दिलेलं. ते स्वतः काहीच करत नाही, मागे एफएफएमपेग (ऑडिओ-व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्यात बदलणारा प्रोग्राम) चालवतं आणि त्याचं आउटपुट पकडून दाखवतं. तक्रार अशी की छोटी भजनं होतात पण लांब भजन किंवा नाटक लावलं की अ‍ॅप गोठतं, वर नॉट रिस्पॉन्डिंग.

सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, कुठाय हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून मी नुसतं अ‍ॅप आणि एक अडकणारं भजन मागवून घेतलं, पंधराएक मिनिटांचं. माझ्या लॅपटॉपवर ते सुरळीत झालं. तीच फाइल, तेच अ‍ॅप, आणि त्यांच्याकडे दर वेळी अडकतं. असलं काही फोनवरून सुटत नाही, सरळ पर्वरीहून गाडी काढली.

तिथे मशीनवर बसतात ते भाई, निवृत्त मास्तर. मी बसायच्या आधीच त्यांनी वही पुढे केली. प्रत्येक फाइलसमोर वेळ आणि साइज लिहिलेली, आणि बऱ्याच ओळींच्या शेवटी "बंद केल्यावर पूर्ण". मी विचारलं, भाई हे काय? तर म्हणाले, "अरे, टास्क मॅनेजरात जाऊन अ‍ॅप मारलं ना, की थोड्या वेळाने फाइल आपोआप पुरी होते. मी आधीच्या पोराला पण सांगितलं होतं, तो म्हणाला असं होऊच शकत नाही, तुमचा काहीतरी गोंधळ होतोय."

खरं सांगतो, ती ओळ वाचून अंगावर काटा आला. कारण अडकलेला प्रोग्राम त्याला चालवणारा मेल्यावर पुढे जातो, याचा अर्थ तो बिघडलेला नव्हताच, तो कुणाची तरी वाट बघत होता.

त्यांच्यासमोरच एक नाटक लावलं. काही सेकंदांत अ‍ॅप गोठलं, टास्क मॅनेजरमध्ये एफएफएमपेगचा सीपीयू शून्यावर, एमपीथ्रीची साइज वाढायची थांबली. प्रोसेस एक्सप्लोरर या तपासणीच्या टूलमध्ये त्याच्या थ्रेडचा (प्रोग्राममधल्या कामाच्या एका धाग्याचा) स्टॅक, म्हणजे तो आत्ता कुठल्या कामात आहे त्याची यादी, उघडली तर तो राइट फाइल या लिहिण्याच्या कामात थांबलेला, म्हणजे काहीतरी लिहायचंय आणि लिहिता येत नाहीये. डिस्कवर जागा भरपूर होती. मग लिहायचं होतं कुठे? तर स्टँडर्ड एररवर, म्हणजे प्रोग्रामने संदेश टाकायच्या वेगळ्या वाटेवर. एफएफएमपेग आपली सगळी बडबड, म्हणजे व्हर्जन, फाइलची माहिती आणि किती काम झालं त्याच्या ओळी, स्टँडर्ड एररवर टाकतो, मग चूक झालेली असो वा नसो. आउटपुट पकडायचं म्हणून अ‍ॅपने स्टँडर्ड आउटपुट (निकालाची नेहमीची वाट) आणि स्टँडर्ड एरर, दोन्हीकडे पाइप लावलेले, म्हणजे एका प्रोग्रामचं लिहिलेलं दुसऱ्याकडे नेणाऱ्या नळ्या, आणि विंडोजवर असा पाइप साधारण 4096 बाइट्स धरतो. फेरीबोट पलीकडून आलीच नाही तर रायबंदरच्या धक्क्यावर गाड्या जशा तुंबतात तसं, समोरून कुणी वाचलं नाही की पाइप भरतो आणि लिहिणारा जागच्या जागी उभा राहतो.

तोवर भाईंनी डी ड्राइव्हमधल्या एका जुन्या फोल्डरात सोर्स शोधून दिला. कोडमध्ये आधी स्टँडर्ड आउटपुट शेवटपर्यंत वाचायचं, मग एरर वाचायचा, असा क्रम होता. आउटपुटवर एफएफएमपेग काही लिहितच नव्हता, तो पाइप बंद होणार एफएफएमपेग संपल्यावर, आणि तो संपणार नाही कारण एररचा पाइप तुंबलाय. दोघं एकमेकांसाठी थांबलेले. एंड टास्क केल्यावर पाइपचं वाचणारं टोकच बंद होतं, लिहिणं फसतं, एफएफएमपेग त्या एररकडे लक्ष न देता पुढचं काम करत राहतो. भाईंनी वहीत लिहिलेलं अगदी तंतोतंत खरं होतं.

माझ्या लॅपटॉपवर का चाललं त्याचंही उत्तर यातच आहे. प्रगतीची ओळ दर अर्ध्या सेकंदाला येते, म्हणजे पाइप किती भरणार हे फाइल केवढी आहे यावर नाही तर काम किती वेळ चाललं यावर ठरतं, वेगवान मशीनवर पाइप भरायच्या आत काम आटोपतं. लिनक्सवर तर पाइप सहसा 64 केबीचा असतो, तिथे ही भानगड आणखी उशिरा दिसली असती. टेस्टिंग नेहमी चांगल्या मशीनवर होतं आणि भोगतो जुना पीसी वापरणारा माणूस, याचा मला मनापासून राग येतो.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. दोन्ही पाइप एकाच वेळी, जसजसं येईल तसं इव्हेंटवर वाचायला लावले, सगळं बटणाच्या थ्रेडवरून काढून बाजूच्या थ्रेडवर टाकलं, एन्कोडिंग यूटीएफ-8 केलं म्हणजे फाइलींची मराठी नावं लॉगमध्ये नीट दिसतील. प्रगतीच्या ओळी कॅरेज रिटर्नने (नवी ओळ न घेता त्याच ओळीच्या सुरुवातीला परत नेणारं चिन्ह) संपतात, पण डॉट नेट, म्हणजे सी शार्पचे प्रोग्राम ज्यावर चालतात ते, त्यालाही ओळीचा शेवट मानतं, त्यामुळे टाइम वाचून प्रोग्रेस बार तिथल्या तिथे करता आला. आणि एक्झिट कोड, म्हणजे काम झालं की फसलं ते प्रोग्राम संपताना सांगणारा आकडा, जो आधी कुणी बघतच नव्हतं, तो शून्य नसेल तर नाव लाल.

संध्याकाळी सगळी यादी लावली. नाटकं एकामागून एक होत गेली, भाई प्रत्येकासमोर बरोबरची खूण करत होते. शेवटी काही नावं लाल राहिली, खाली एफएफएमपेगचा स्वतःचा संदेश, डेटा अवैध. जुन्या अ‍ॅपमध्ये यांवर "झालं" असं लिहून आलेलं. वेव्ह फाइलीच अर्धवट कॉपी झालेल्या. भाईंनी लगेच कपाट उघडून त्या कॅसेटी वेगळ्या काढल्या, टेप अजून शाबूत होती, म्हणाले उद्या सकाळी पहिल्यांदा याच वाजवतो.