करातली दहा टक्के सवलत आणि मागच्या भिंतीलगतचे दोन खड्डे

पुण्यातल्या माझ्या घराच्या मिळकतकराचं बिल मी आजवर नेहमी वेळेत भरत आले. मे संपायच्या आत भरलं की सूट मिळते, म्हणून तारीख कधी चुकू दिली नाही. पण एकूण रकमेपलीकडे त्या कागदावर काय लिहिलंय, ते मी तीन वर्षांपूर्वीच पहिल्यांदा वाचलं. तेव्हा सोसायटीची चिटणीस झाले होते. बैठकीत एका काकांनी विचारलं, "गांडूळखत केलं आणि पावसाचं पाणी जिरवलं तर करात सवलत आहे ना? मग आपल्याला का नाही?" मला उत्तर देता आलं नाही.

घरी आल्यावर बिल टेबलावर ठेवून एकेक ओळ वाचली. सर्वसाधारण कर, सफाई पट्टी, अग्निशमन, वृक्षसंवर्धन, जलनिःसारण, पाणीपट्टी, शिक्षण कर. यातला शिक्षण कर महापालिका राज्य सरकारसाठी गोळा करते. सर्वसाधारण कर मात्र तिचा स्वतःचा, आणि पर्यावरणाची सवलत फक्त याच ओळीवर मिळते. गांडूळखत, सौरऊर्जा आणि पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण, यांतलं एक असेल तर 5 टक्के, दोन किंवा जास्त असतील तर 10 टक्के. माझ्या घरापुरता हिशेब केला तर वर्षाला साडेसहाशे रुपयांच्या आसपास.

एवढ्याशा रकमेसाठी कोण धावपळ करणार, असं काहींना वाटलं. पण आयुष्यभर बँकेत काम केल्यामुळे मला वेगळाच प्रश्न पडला. आपलं उत्पन्न महापालिका का सोडते? 2013 मध्ये पुण्यातली जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, गेली. तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था करही, 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला, आणि 2017 पासून जीएसटीपोटीचं अनुदान राज्याकडून येतं. ते किती मिळावं, हे पालिकेच्या हातात नाही. पालिकेने स्वतः आकारायचा आणि स्वतः वसूल करायचा मोठा कर म्हणजे मिळकतकर. त्यातला रुपया ती सोडते, तेव्हा त्या बदल्यात आपल्याकडून काहीतरी घेत असते. आमचा ओला कचरा आमच्या आवारातच राहिला, तर तो उचलायचा, वाहायचा आणि कुठेतरी टाकायचा खर्च वाचतो.

आणि हे 'कुठेतरी' म्हणजे माणसांची गावं असतात. पूर्वी कोथरूडला कचरा डेपो होता, आता तिथे मेट्रोचा डेपो आहे. नंतर वर्षानुवर्षं शहराचा कचरा सासवड रस्त्यावरच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीला गेला. तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं, लोकांनी गाड्या अडवल्या, आंदोलनं झाली. 2017 मध्ये ही गावं महापालिकेत आली, तेव्हा त्यांच्या हातातही मिळकतकराची बिलं पडली. कर परवडेना, म्हणून पुन्हा वाद झाला आणि 2024 मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. माझी आत्या फुरसुंगीलाच दिलेली. लहानपणी तिच्या विहिरीचं पाणी ओंजळीने प्यायलेय मी. बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा साडेसहाशे रुपयांवरची चर्चा थांबली.

आमच्या इमारतीच्या मंजूर नकाशात गांडूळखताचे दोन खड्डे होते, आणि मागच्या भिंतीलगत ते बांधलेलेही होते. एकात जुन्या फरशा भरल्या होत्या, दुसऱ्यात फुटक्या कुंड्या आणि पावसाचं साचलेलं पाणी. ते रिकामे करायला दोन दिवस लागले.

पहिला प्रयत्न फसला. गांडुळं विकत आणली आणि थेट ताज्या ओल्या कचऱ्यात सोडली. ताज्या ढिगात आंबताना इतकी ऊब धरते की आत हात ठेववत नाही. आठवड्याभरात गांडुळं मेली, वास सुटला आणि तळमजल्यावरच्या आजोबांनी लेखी तक्रार दिली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मग शेजारच्या सोसायटीत जाऊन रीत समजून घेतली. पहिल्या खड्ड्यात ओला कचरा आणि तेवढाच वाळका पाला, थरावर थर. मध्ये थोडं शेणाचं पाणी. दर दोन-तीन दिवसांनी वरखाली करायचं. तीन-चार आठवड्यांनी ढीग निवला की दुसऱ्या खड्ड्यात हलवायचा आणि मगच गांडुळं सोडायची. मूठ दाबली तर हात ओला व्हावा पण पाणी गळू नये, एवढाच ओलावा. लिंबा-मोसंबीच्या साली आणि तेलकट उरलंसुरलं बेतानेच. मध्यंतरी करड्या जाड अळ्या झाल्या आणि सगळे घाबरले. त्या चावत नाहीत, उलट कचरा भराभर खातात, हे समजावण्यात एक रविवार गेला.

खरं काम खड्ड्यात नव्हतं, बेचाळीस स्वयंपाकघरांत होतं. आमच्याकडे 'स्वच्छ'च्या ताई कचरा नेतात. त्या सगळ्या स्वतः कचरा वेचणाऱ्या, त्यांचीच ही सहकारी संस्था. मला वाटत होतं, ओला कचरा आम्हीच ठेवला तर ताईंचं काम कमी होईल. विचारलं तर म्हणाल्या, "ताई, ओला-सुका वेगळा आला की सुक्याला भाव येतो. खरकट्यात भिजलेला पुठ्ठा कोण घेतंय?" सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, हेही त्यांनीच जिन्यात उभं राहून सगळ्यांना सांगितलं. ज्या घरी हे पटायला वेळ लागला, तिथे मी त्यांच्याबरोबर गेले. सहा-सात आठवड्यांनी बादल्या नीट यायला लागल्या. खड्ड्यांचं रोजचं कामही आता ताईच बघतात, त्याचा वेगळा मेहनताना सोसायटी देते.

दुसरं साधन म्हणून पुनर्भरण निवडलं. गच्चीचे पाइप एकत्र करून वाळू-खडीच्या गाळणीतून पाणी जुन्या बोअरमध्ये सोडलं. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेरच सोडायचं, कारण त्याबरोबर गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची घाण येते. त्यासाठी वेगळी तोटी बसवून घ्या, आम्ही ती नंतर बसवली आणि पाइप पुन्हा फोडावा लागला.

कागदपत्रांचं आधी माहीत असतं तर दोन महिने वाचले असते. सोसायटीचा एकच अर्ज पुरेल असं मी धरून चालले होते. पण कर प्रत्येक सदनिकेवर वेगळा आकारला जातो, प्रत्येकीला स्वतःचा मिळकत क्रमांक असतो. त्यामुळे बेचाळीस क्रमांकांची यादी, प्रत्येकाच्या बिलाची प्रत, सोसायटीचा ठराव, पुनर्भरणाच्या कामाचं बिल आणि फोटो, असा गठ्ठा झाला. यादी करताना दोन बिलांवर आधीच्या मालकांचीच नावं निघाली. आधी ती बदलून घेतली.

पाहणीला आलेल्या साहेबांनी फोटो बाजूला ठेवले. फावडं मागितलं, वरचा थर उचलला, खालचं खत हातात घेऊन वास घेतला. मग कचऱ्याची नोंदवही मागितली. किती बादल्या आल्या, खत कधी काढलं, हे ताई रोज आमच्या रखवालदाराकडून लिहून घ्यायच्या, म्हणून ती तयार होती. साहेब म्हणाले, "सवलत चालू प्रकल्पाला आहे, बांधलेल्या खड्ड्याला नाही. पुढे कधी पाहिलं आणि बंद दिसला तर काढून घेतली जाईल." मला हे पटलं. 2025-26 चं महापालिकेचं अंदाजपत्रक 12,618 कोटींचं होतं. त्यापुढे आमची सगळ्यांची मिळून सवलत सत्तावीस हजारांची, पण तीही इतर करदात्यांच्या वाट्यातूनच येते.

नव्या वर्षाच्या बिलात सवलत आली. बेचाळीसपैकी एकेचाळीस घरांना. एकाच्या क्रमांकात माझ्याकडून एक आकडा चुकला होता, त्यांचा दुरुस्तीचा अर्ज मी स्वतः भरून दिला.

सध्या घाई पाल्याची आहे. पावसाळ्यात वाळकी पानं मिळत नाहीत आणि पाला नसला की ढीग लगेच चिकट होऊन वास मारतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आवारातले बदाम आणि पिंपळ पान गाळतात. आधी ही पानं झाडून जाळली जायची, आता पोत्यांत भरतो. आतापर्यंत चौदा पोती जिन्याखाली रचून झाली आहेत, आणखी दहा तरी लागतील.