डावीकडचा ठिपका

मागच्या मे महिन्यातली गोष्ट आहे, भुसावळला पारा ४५ च्या वर आणि दुपारी दीडला लाईट गेलेली, कूलर बंद, लॅपटॉपची बॅटरी ४० टक्के. मी इथे कॉलेजला फिजिक्स शिकवतो आणि जमेल तसं मेसॉन निर्मितीचं (मेसॉन म्हणजे प्रोटॉन जोरात आदळले की तयार होणारे अल्पायुषी कण) गणित करतो, लॅब लागत नाही त्याला, कागद आणि एक बरा कॉम्प्युटर असला की भागतं. तीन आठवडे एकाच ग्राफला चिकटलो होतो. प्रोटॉनवर प्रोटॉन आदळला की दोन प्रोटॉन आणि एक न्यूट्रल पायऑन (सगळ्यात हलका मेसॉन, विद्युतभार नसलेला) बाहेर पडतो, ती रिॲक्शन. याचं अगदी थ्रेशोल्डजवळचं, म्हणजे पायऑन जेमतेम तयार होऊ शकेल एवढ्या किमान ऊर्जेजवळचं, मोजमाप अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या कूलर रिंगवर (प्रोटॉन गोल फिरवत ठेवणारं यंत्र) झालं आणि १९९० मध्ये छापून आलं, २८५ ते ३२५ एमईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेचं. मोजमापाच्या त्या ठिपक्यांवर माझ्या गणिताची रेघ बसवायची होती.

ती काही केल्या बसेना. मला वाटलं बाहेर पडणाऱ्या दोन प्रोटॉनांची आपसातली ओढ मी नीट धरली नाही, कारण थ्रेशोल्डजवळ ते दोघं एकमेकांच्या मानाने फार हळू निघतात आणि ती ओढ सगळ्या क्रॉस सेक्शनचा, म्हणजे रिॲक्शन घडायच्या शक्यतेचा, आकार बदलून टाकते. म्हणून तेच परत परत तपासत बसलो, कूलॉम (प्रोटॉनांचं विद्युत प्रतिकर्षण) घातला, काढला, परत घातला, रात्री जागून.

त्या दिवशी एमएस्सीची एक विद्यार्थिनी प्रोजेक्ट दाखवायला आली होती, अमळनेरकडची, एवढ्या उन्हात एसटीने आलेली. ती पाणी पिऊन बसली आणि स्क्रीनकडे बघत राहिली. एरवी वर्गात शुद्ध मराठी बोलते, पण एकदम म्हणाली, "सर, हाई काय शे?" आणि बोट ठेवलं सगळ्यात डावीकडच्या ठिपक्यावर. "तुमची रेघ २८९ च्या पुढे सुरू होते सर, मग २८५ ला पायऑन आला कुठून?"

मी त्या ठिपक्याकडे बघतच राहिलो. तीन आठवडे मी रेघेची उंची बघत होतो, ती सुरू कुठून होते हे बघितलंच नव्हतं.

मग वहीच्या मागच्या पानावर दोघांनी हाताने थ्रेशोल्ड काढला. समोरचा प्रोटॉन स्थिर असतो त्यामुळे जवळपास निम्मी ऊर्जा सगळ्यांना पुढे नेण्यातच जाते, म्हणून पायऑनच्या वस्तुमानाच्या दुपटीहून थोडी जास्त लागते. न्यूट्रल पायऑनचं वस्तुमान १३४.९८ एमईव्ही धरलं तर उत्तर येतं २७९.७, आणि १३९.५७ धरलं तर २८९.५. प्रोग्राम मी आधी पाय-प्लस, म्हणजे धन भाराच्या पायऑनसाठी लिहिला होता आणि त्यातलं चार्ज्ड पायऑनचं १३९.५७ तसंच राहून गेलं होतं. साडेचार एमईव्हीचा फरक, पण तो दुप्पट होऊन थ्रेशोल्ड दहाने सरकला, आणि इथे दहा एमईव्ही म्हणजे सगळा खेळच.

आकडा तिनेच बदलला. बॅटरी १८ वर आलेली. रन संपला, रेघ २७९.७ पासून उठली आणि ठिपक्यांसारखीच वर चढत गेली, फक्त त्यांच्या बरीच खाली, साधारण पाचव्या हिश्शावर. तिचा चेहरा पडला, "अजून चुकतंय सर."

मला मात्र उठून नाचावंसं वाटलं. कारण हा पाचपटीचा खड्डा माझा नाही, तो खरा आहे! तो डेटा आला तेव्हा जुन्या मॉडेलची गणितं एवढीच कमी पडली होती. चार्ज्ड पायऑनच्या वेळी एका प्रोटॉनने सोडलेला पायऑन दुसऱ्यावर आपटून येतो त्याची मोठी भर पडते, न्यूट्रलला ती वाट थ्रेशोल्डजवळ जवळपास बंद, त्यामुळे एरवी झाकलेलं बारीकसारीक इथे उघडं पडतं. १९९३ मध्ये ली आणि रिस्का या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं की प्रोटॉन अगदी जवळ आले की सिग्मा, ओमेगा अशा जड मेसॉनांची देवाणघेवाण होते आणि ती धरली की खड्डा बराचसा भरतो. नंतर त्यावर वादही झाले, पायऑनचं ऑफ-शेल वागणं (मधल्या क्षणापुरता तो ऊर्जा-वस्तुमानाचं नेहमीचं नातं पाळत नाही ते) पण मोठं निघालं, तो विषय मला आजही पुरत नाही.

हे सगळं मी तिला सांगत होतो तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. तिने वही पुढे ओढली आणि म्हणाली, "सिग्माचं टर्म सांगा सर, हातानेच लिहू." लाईट साडेपाचला आली, तोवर चार पानं झाली होती आणि शेवटची एसटी गाठायला तिला पळावं लागलं.