जिन्यातली पाटी

आज इंदूरला रामबागेतल्या एका जिन्यात फळा दिसला. खडूने ठळक लिहिलेलं: 'बरेच रहिवासी ओला-सुका कचरा एकत्रच देतात. कृपया असे करू नये.' झालं! मुभा पहिल्या ओळीत, विनंती दुसऱ्या. वाचणाऱ्याच्या डोक्यात राहतं ते 'बरेच'.

अमेरिकेतल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट या राष्ट्रीय उद्यानात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी हेच मोजलं होतं. वाटेवर खुणा केलेले, दगड झालेल्या लाकडाचे तुकडे ठेवले. 'आजवर अनेकांनी तुकडे नेले, त्याने जंगलाचं रूप पालटलं' अशा पाटीपाशी जवळजवळ 8 टक्के तुकडे गेले. 'कृपया नेऊ नका' एवढ्याच पाटीपाशी 2 टक्क्यांहूनही कमी.

तेव्हा आकडा लिहायचाच तर कचरा वेगळा करून देणाऱ्यांचा लिहा, आणि तो मोजून. 'आपल्या जिन्यात 12 पैकी 9 घरं दोन बादल्या ठेवतात' हे 'स्वच्छतेत इंदूर देशात पहिलं' यापेक्षा जास्त लागू पडतं. शहर लांबचं, शेजारी समोरच्या दारातला. नऊ नसून तीनच घरं असली तर? थापा मारू नका, पकडल्या जातात. नुसती विनंती ठेवा आणि त्या तिघांना सांगा, कचरागाडीचं गाणं वाजलं की बादल्या उघड्या, सगळ्यांना दिसतील अशा खाली न्या.

फळ्यावरची पहिली ओळ तेवढी आजच पुसा.