ओहायोकर खुर्चीवरून उतरला तेव्हा

आमच्या बँकॉकच्या आंतरराष्ट्रीय शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर इतिहास शिकवणारा एक अमेरिकन आहे. घरी आम्ही त्याला 'ओहायोकर' म्हणतो. तोंडावर मात्र नुसतं नाव, कारण आडनाव किंवा 'सर' म्हटलेलं त्याला खपत नाही. मुलांनीही नावानंच हाक मारावी हा त्याचा आग्रह. थाई मुलं मान डोलावतात आणि लगेच नावाआधी 'ख्रू', म्हणजे 'गुरुजी', लावून मोकळी होतात. दोन्ही बाजू चिकट.

माणूस मोझांबिकमध्ये पीस कोअरचा, म्हणजे अमेरिकन सरकारच्या परदेशी सेवायोजनेचा, स्वयंसेवक होता, मग ओहायोत सरकारी शाळेत मास्तर, मग कुवेत, शांघाय आणि आता इथे. दोन-दोन वर्षांचे करार, शाळेनं दिलेलं घर, वर्षाला एक विमानतिकीट, दोन मुलांची फी माफ. अमेरिकन माणूस कुठेही राहिला तरी त्याला आपल्या सरकारकडे विवरणपत्र भरावंच लागतं. परदेशातल्या खात्यांत मिळून 10,000 डॉलरच्या वर रक्कम गेली की तीही कळवायची. त्यामुळे 15 ऑक्टोबर जवळ आला की हा बँकेचे कागद पसरून शिव्या देत बसतो. तशात वाय ख्रूचा दिवस आला.

वाय ख्रू म्हणजे गुरुपूजन. थाई शाळांत हा समारंभ शक्यतो गुरुवारी, जूनच्या सुमारास होतो. आमचं वर्ष ऑगस्टला सुरू होतं, म्हणून आमच्याकडे तो सप्टेंबरात. मुलं केळीच्या पानांच्या घड्या घालून 'फान' सजवतात. फान म्हणजे उंच बैठकीचं तबक. त्यात वांग्याचं फूल हवं, कारण ते खाली झुकतं. इक्झोराचा गुच्छ हवा, कारण त्याची कळी सुईसारखी टोकदार, तशी बुद्धी व्हावी. आणि हव्यात दूर्वा. हो, आपल्याच. तुडवल्या तरी पुन्हा फुटतात आणि पसरत जातात, तसं ज्ञान पसरावं म्हणून. त्या आठवड्यात आमच्याकडे गणपती बसलेले, या शहरात दूर्वा कुठे शोधू म्हणून बायको वैतागलेली, आणि इथे हॉलमध्ये तबकं भरभरून दूर्वा! मुलांनी त्या कुठे खुडल्या ते मी आधी विचारून घेतलं.

एका मुलीनं पुढे होऊन पाली प्रार्थना सुरू केली, सगळा हॉल तिच्या मागोमाग म्हणू लागला. त्यातलं 'आचार्य' तेवढं मला पकडता आलं. आम्ही शिक्षक ओळीनं खुर्च्यांवर. मुलं गुडघ्यांवर सरकत येतात, फान देतात आणि जमिनीला डोकं टेकून नमस्कार करतात. ओहायोकर आदल्या दिवसापासून अस्वस्थ होता. "जे मूल माझ्यापुढे गुडघे टेकतं, ते व्हिएतनाम युद्धाबद्दल मी सांगितलेलं खोडून कसं काढेल?" हा त्याचा प्रश्न. प्रश्न वेडगळ नाही. आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या इतिहासात साधनं तपासणं हाच अर्धा अभ्यास आहे. कोणी लिहिलं, कशासाठी लिहिलं, कुठवर विश्वास ठेवायचा.

त्याची पाळी आली. नववीतली एक मुलगी फान घेऊन सरकत आली आणि हा पठ्ठ्या खुर्चीवरून उतरून थेट जमिनीवर बसला. हेतू एवढाच, की दोघं एका पातळीवर यावीत. मुलगी जागच्या जागी थांबली. वडीलधाऱ्याच्या डोक्याहून आपलं डोकं खाली हवं हे तिच्या हाडीमाशी रुजलेलं. तिनं कोपरं जमिनीला टेकवली. हा आणखी वाकला. ती आणखी खाली गेली, पार छाती फरशीला लागेपर्यंत, आणि फान कलंडायला लागला. त्यातच पन्नाशीचे गुडघे, मांडी काही पुरती घालता येईना. म्हणून त्यानं एक पाय लांब केला. तळवा बरोबर तबकाकडे! आपल्याकडे पानाला पाय लागला तर जे होतं, ते त्या हॉलमध्ये झालं. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, मुलीचे कान लाल झाले.

शेजारच्या खुर्चीवर आमच्या उपमुख्याध्यापिका होत्या, थाई. त्यांनी समोर बघता बघताच त्याच्या दंडाला धरलं आणि त्याला खुर्चीवर चढवलं. मुलगी पुन्हा गुडघ्यांवर आली, फान दिला, नमस्कार केला आणि सरकत निघून गेली.

शिक्षक-खोलीत हा कॉफी न पिता बसून होता. त्याच्या वर्गाची थाई साहाय्यिका म्हणाली, "रात्री उशिरापर्यंत पानं दुमडत होती ती. तुम्हीच तिला हे धड पार पाडू दिलं नाहीत."

मला दोघांचंही पटत होतं. थाई मुलं हे सगळं मुकाट्यानं करतात असंही नाही. 2020 मध्ये याच बँकॉकमध्ये शाळकरी मुलं पांढऱ्या फिती बांधून, निषेधाची खूण म्हणून तीन बोटं उंचावून शिक्षण मंत्रालयासमोर उभी राहिली होती. केसांच्या नियमांविरुद्ध, शाळेतल्या धाकाविरुद्ध. भांडायचं तेव्हा ती भांडतात. पण ते भांडण त्यांचं. बाहेरून आलेल्या माणसानं ऐन समारंभात, एका पोरीच्या जिवावर ते उकरून काढायचं कारण नव्हतं, आणि हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

समतेचा विषय निघालाच होता, म्हणून पुढचंही बोललो. परदेशातून भरती झालेल्याला घरभाडं, तिकीट, मुलांची फी. मी आणि गणिताची फिलिपिनो बाई इथेच मुलाखत देऊन लागलो, म्हणून आम्हाला त्यातलं काही नाही. तास तेवढेच, वह्याही तेवढ्याच.

"माहीत आहे," तो म्हणाला. "मी मीटिंगमध्ये बोललोय यावर."

"मग?"

"मग काही नाही. मी पुढच्या करारावर सही केली."

त्याचं हे मला आवडतं. सारवासारव करत नाही. परत का जात नाही असं विचारलं, तेव्हा आधी आरोग्यविम्याचे आकडे सांगितले. मग म्हणाला, तिकडे बंदूकधारी शिरला तर काय करायचं याचा सराव असायचा. दार लावायचं, दिवे बंद, आणि सगळ्यांनी खिडकीपासून लांब कोपऱ्यात जमिनीवर दाटीवाटीनं बसायचं. "मुलांबरोबर मी जमिनीवर बसलो ते तेव्हाच. इथे आपली फक्त आगीची घंटा वाजते."

संध्याकाळी तो उपमुख्याध्यापिकांकडे गेला आणि पुढच्या वर्षी या समारंभातून मला वगळता येईल का, असं विचारून आला. त्या म्हणाल्या, जरूर, फक्त ऑगस्ट संपायच्या आत कळवा, म्हणजे कुणाला उगीच पानं दुमडत बसायला नको.

पुढचा ऑगस्ट संपला तरी त्यानं काही कळवलं नव्हतं. हॉलची मांडामांड करणाऱ्या शिपायाकडे हात असलेली खुर्ची मात्र मागून ठेवली होती. आमच्या घरभाड्याचा मुद्दाही त्यानं वर्षाच्या पहिल्याच बैठकीत पुन्हा काढला, आणि 'विचाराधीन' असा शेरा मारून तो पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला.