मिग-२१, १/३२ : धातूच्या रंगाखालची सांध्याची रेघ

मिग-२१ एमएफ या लढाऊ विमानाचं १/३२ मापाचं प्लास्टिक मॉडेल बांधून पूर्ण झालं. पंखांचा विस्तार २२ सेंटीमीटरच्या थोडा वर आणि पिटोसकट (हवेचा वेग मोजणारी नाकावरची लांब नळी) लांबी अर्ध्या मीटरच्या जवळपास. कॉकपिट, इंजिन, चाकं, क्षेपणास्त्रं यांनी काहीच त्रास दिला नाही. घोडं अडलं ते एकाच जागी, धडाच्या दोन अर्ध्या भागांच्या सांध्यावर. निव्वळ धातूच्या रंगातलं विमान करायचं म्हटलं की जो तो अ‍ॅल्युमिनियमचा रंग कोणता घ्यावा हे सांगतो. सांध्याबद्दल कुणी धड बोलत नाही. माझा अर्ध्याहून जास्त वेळ तिथेच गेला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आधी बाकीचं थोडक्यात. कॉकपिटचा रंग तो खास रशियन निळसर हिरवा. उपकरणांच्या पॅनेलवर मधोमध एक उभी पांढरी रेघ असते, ती गाळू नका. विमान स्पिनमध्ये गेलं, म्हणजे गिरक्या खात खाली येऊ लागलं, की वैमानिकाने स्टिक त्या रेघेच्या रोखाने पुढे न्यायची, यासाठी ती असते. इजेक्शन सीट केएम-१. पट्टे फोटोएच (रसायनाने कोरलेल्या पातळ) पितळेचे असतील तर क्षणभर ज्योतीवर धरून गार होऊ द्या, म्हणजे मऊ पडतात आणि सीटवर नीट लोळतात. एमएफची कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, उजवीकडे उघडते. आपल्या हवाई दलाची टाइप ७७, म्हणजे एफएल, करायची असेल तर एमएफचं किट घेऊ नका. तिची कॅनॉपी पुढच्या बाजूला बिजागरीवर उघडते, पाठीचा कणाही वेगळा. ज्या मिग-२१ साठी १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कारखाना उभा राहिला, त्या विमानाचं मॉडेल करताना प्रकारांची सरमिसळ माझ्या डोळ्यांना फार खुपते.

आता सांधा. मिगचं धड म्हणजे एक लांब गोल नळी. डावा-उजवा भाग जोडला की वर कण्यावरून आणि खाली पोटावरून रेघ जाते. कॅमोफ्लाजच्या मॅट रंगाखाली ती खपून जाते. धातूच्या रंगाखाली पाव मिलिमीटरची खाचही दिसते. त्याहून वाईट म्हणजे आज सपाट असलेली जागा आठवड्याने खचते. माझ्या मॉडेलवर पोटाखालची रेघ प्रायमरमध्ये कुठेच नव्हती, आणि धातूच्या रंगाआधीचा चकचकीत काळा थर, म्हणजे काळा ग्लॉस, वाळल्यावर नाकापासून शेपटीपर्यंत परत उमटली.

कारण साधं आहे. गाडीचे पेंटर वापरतात ती एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी काय किंवा मॉडेलसाठीची ट्यूबमधली पुट्टी काय, दोन्ही सॉल्व्हंट उडून वाळतात. सॉल्व्हंट जितकं उडेल तितकी पुट्टी आकसते, आणि हे काम वरून कोरडी दिसल्यानंतरही आत चालूच असतं. त्यावर लॅकरचा थर मारला की त्यातलं सॉल्व्हंट पुट्टीला पुन्हा फुगवतं, मग ती पुन्हा बसते. पातळ सिमेंटने जोडलेल्या प्लास्टिकचंही तेच. कडा विरघळून मऊ झालेल्या असतात, त्या पुरत्या कडक व्हायच्या आत घासल्या तर नंतर तिथे घळ पडते.

शेवटी जे जमलं ते असं. सगळी पुट्टी खरवडून काढली. सांधा नव्याने भरला तो काळ्या सायनोअ‍ॅक्रिलेटने (सुपरग्लूचाच प्रकार), त्यात साधी टाल्कम पावडर मिसळून. दोन भाग सायनो, एक भाग पावडर, दाट पाकासारखं होईल इतकं. सायनो जवळजवळ आकसतच नाही, म्हणून रेघ परत येत नाही. पावडरीमुळे ते घासायला आणि नंतर त्यात पॅनेल लाइन (पत्र्यांच्या जोडांच्या रेघा) कोरायला सोपं जातं. पण तासाभरात घासून घ्यायचंच. रात्रभर ठेवलं तर ते प्लास्टिकपेक्षा कडक होतं. मग पेपर दोन्ही बाजूंचं प्लास्टिक खातो आणि मधे सायनोचा उंचवटा तसाच राहतो.

वॉटर पेपर ४०० पासून सुरू, पुढे ६००, १०००, १५००, २०००. पहिले दोन नंबर कडक ठोकळ्यावर लावूनच. नुसत्या बोटाने घासलं की बोट मऊ जागेत रुततं आणि तिथे खड्डा होतो. गोल धडावर सांध्याच्या दिशेने मागे-पुढे घासलं तर पोट चपटं होतं. ६०० च्या पुढे पेपरची अरुंद पट्टी कापायची आणि बुटाला फडकं मारतात तशी धडावरून आडवी ओढायची. पाणी भरपूर, त्यात थेंबभर भांड्यांचा लिक्विड साबण.

तपासणी रंगाने नाही, उजेडाने करायची. काळा प्रायमर (मी मिस्टर सरफेसर १५०० घेतला, एकास दोन लेव्हलिंग थिनर) मारून, २००० च्या ओल्या पेपरने हलकं घासून, धड ट्यूबलाइटखाली आडवं धरून हळूहळू फिरवायचं. ट्यूबचं प्रतिबिंब नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध सरकलं पाहिजे. सांध्यावर आलं की ते जरासं जरी मोडलं, तरी तिथे दोष आहे. पेन्सिलने खूण करा, परत सायनो, परत पेपर. हा फेरा कंटाळवाणा आहे आणि त्याला पर्याय नाही.

घासताना पुसलेल्या पॅनेल लाइन परत कोराव्या लागतात. डायमो टेपची (लेबलं छापायची जाड चिकटपट्टी) पट्टी धडाभोवती गुंडाळायची आणि स्क्रायबर (कोरायचं टोकदार हत्यार) फक्त स्वतःच्या वजनाने चार-पाच वेळा ओढायचा. जोर दिला की सायनोत टोक घसरतं.

मुळात जोडणीच नीट केली तर हे सगळं निम्म्यावर येतं. पूर्ण धड एकदम चिकटवू नका. तीन-चार सेंटीमीटरचा तुकडा घ्या, दोन्ही कडा टॅमिया एक्स्ट्रा थिन सिमेंटने दोनदा ओल्या करा, अर्धा मिनिट थांबा, मग दाबा. वितळलेल्या प्लास्टिकचा बारीक उंचवटा वर आला पाहिजे. आता आठवडाभर हात लावायचा नाही. मग तो उंचवटा तासून काढा, भरायला फारसं काही उरतच नाही.

काळा ग्लॉस पुरता कडक झाल्याशिवाय धातूचा रंग मारायचा नाही. मऊ काळ्यावर त्याला बारीक भेगा पडतात. कडक झाला की नाही हे नाकाने कळतं. मॉडेल नाकाजवळ नेल्यावर थिनरचा वास येत असेल तर अजून थांबा. पावसाळ्यात मुंबई-कोकणातल्या दमट हवेत काळ्या लॅकरवर पांढुरकी झाक येते, कारण सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होऊन हवेतलं पाणी त्यावर बसतं. कोरड्या दिवशी नुसत्या लेव्हलिंग थिनरचा हलका फवारा मारला की ती जाते. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप हवाच. आणि हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर एअरब्रश धुवायला ठेवा. उघड्या प्लास्टिकवर पडला तर ते खाऊन टाकतो.

धातूसाठी अ‍ॅलक्लॅड कंपनीचा ड्युरॅल्युमिनियम रंग मुख्य, काही पॅनेल व्हाइट आणि डार्क अ‍ॅल्युमिनियमने. १२ ते १५ पीएसआय, काही न मिसळता, धुक्यासारखे पातळ थर. आरशासारखं चकाकणारं मिग खोटं दिसतं. खऱ्या विमानाच्या पत्र्यावर पारदर्शक लॅकर असायचं, त्यामुळे झळाळी दबलेली. चौकात उभ्या केलेल्या जुन्या मिगवरून मात्र रंग ठरवू नका, त्यांच्यावर बऱ्याचदा नंतरचा जाड रंग असतो. नाकाचा शंकू, शेपटीचं टोक आणि चाकांचे हब हिरवे. मास्किंग टेप आधी तळहातावर दोन-तीनदा चिकटवून तिचा जोर कमी करा, नाहीतर ती काढताना धातूचा थर सोबत निघतो. डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची चिन्हं, थेट धातूच्या रंगावर बसतात. मायक्रो सॉलचे (डिकल मऊ करणारं द्रव) डाग राहिले तर लगेच डिस्टिल्ड वॉटरने टिपून घ्या.

पंख खाली दोन अंश झुकलेले असतात. चिकटवताना पुठ्ठ्याचा साचा कापून दोन्ही बाजूंना लावा, १/३२ मध्ये चूक लगेच दिसते. पिटो सगळ्यात शेवटी. एमएफला तो नाकावर मधोमध नसतो, किंचित उजवीकडे असतो. किटमधला प्लास्टिकचा बाजूला ठेवून एकात एक बसणाऱ्या पितळी नळ्यांचा करा, सरळ राहतो.

एक राहिलंच, आणि हे धड बंद करायच्या आधीचं आहे. आत इंजिन बसवलं तर मॉडेल शेपटीवर बसतं. सगळे भाग टेपने जोडून मागच्या चाकांच्या जागी दोन बोटांवर तोला, आणि नाक ठामपणे खाली जाईपर्यंत शंकूत शिसं भरा. शिसं इपॉक्सीनेच चिकटवा. पांढऱ्या पीव्हीए गोंदात ते हळूहळू गंजतं, फुगतं, आणि वर्षा-दोन वर्षांनी नाकाचा सांधा आतून फोडून टाकतं.